'दहावी फ' पाहण्यापूर्वी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात, चित्रपट दाखवण्याआधी केलेलं भाषण)



समितीचा मला पहिला फोन आला तेव्हा विषय ठरवूनच आला होता : 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी म्हटलं, बाबांनो, ऑफिसात वर्षभर तेच दळण दळते, शाळेत आल्यावर तरी नको. मग कळलं की जेवणानंतर हॉलमध्ये 'दहावी फ' दाखवणार आहेत. तेव्हा मीच गळ घातली, की त्याआधीची वीस मिनिटं मला द्या, मी सुमित्रा भावेंबद्दल बोलते. समितीतल्या एकानं विचारलं, "त्या कोण?" दुसरा म्हणाला, "अरे, त्या 'कासव'वाल्या." तिसरा म्हणाला, "आर्ट फिल्म का? मग जेवणात पुरणपोळी नको, लोक झोपतील." पुरणपोळी झालीच. मागच्या रांगेतल्यांनी खुशाल झोपावं, नाहीतरी पूर्वी कुठे जागे असायचात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सिनेमातलं मला प्रेक्षक म्हणून कळतं तेवढंच कळतं. तरीही मी आज उभी आहे याला एक कारण आहे, ते शेवटाकडे सांगते. आधी बाईंबद्दल. त्यांना मी कधी भेटले नाही, पण आपल्याकडे शिकवणाऱ्या बाईला 'बाई'च म्हणतात आणि माझ्या मनात त्या तशाच आहेत.

सुमित्रा भावे यांचा जन्म पुण्यातला, १२ जानेवारी १९४३चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, पुणे विद्यापीठातून राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र केलं, मग मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. मध्ये काही काळ आकाशवाणीवर मराठी बातम्याही वाचल्या. यात सिनेमा कुठेच नाही हे लक्षात घ्या. वयाच्या चाळिशीपर्यंत त्या शिक्षिका, संशोधक आणि कार्यकर्त्या होत्या. मुंबईला नशीब काढायला जाणं, कुणा दिग्दर्शकाच्या हाताखाली उमेदवारी करणं, असलं काही त्यांच्या आयुष्यात नाही.

सिनेमा आला तो कामातल्या एका अडचणीतून. ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या 'स्त्रीवाणी' या संस्थेसाठी त्या झोपडवस्तीतल्या दलित बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करत होत्या. त्या कामातून एक पुस्तकही झालं, आठ दलित बायकांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या आयुष्यांचं. त्याचं इंग्रजी गौरी देशपांडे यांनी केलं आणि ते 'पॅन ऑन फायर' या नावानं १९८८ साली आलं. पण पुस्तक वाचणार कोण? जिच्या घरी तासन् तास बसून माहिती घेतली, जिनं चुलीपुढे बसून पोटातलं सगळं सांगितलं, तिला अक्षर येत नव्हतं. तिचं आयुष्य अहवालात जाणार, अहवाल संस्थेत जाणार, संस्थेतून परिषदेत जाणार, आणि तिच्या हातात काहीच येणार नाही. तिला तिचं परत कसं द्यायचं? त्यावर बाईंनी काढलेला मार्ग म्हणजे सिनेमा. पडद्यावरचं बघायला अक्षर लागत नाही.

इथे मी जरा थांबते, कारण मी रोज ज्या धंद्यात आहे तिथे हीच गोष्ट उलटी चालते. आम्ही बँकेसाठी किंवा दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करतो. काउंटरवर बसणारी मुलगी किंवा केसपेपर काढणारा मामा काय करतो याची माहिती गोळा करतो. बैठकांवर बैठका होतात. आणि त्या बैठकीत एकच माणूस कधी नसतो : ज्याला ते वापरायचंय तो. मी हे वीस-बावीस वर्षं बघतेय, त्यात मीही सामील आहे. म्हणून एखादी संशोधक आपलं काम संपल्यावर स्वस्थ न बसता 'हे ज्यांचं आहे त्यांना परत नेऊन दाखवायचं' म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एक नवी विद्या शिकायला घेते, हे मला फार मोठं वाटतं. आपण आज सगळे त्या वयाच्या पुढे आहोत. सकाळपासून किती जणांनी मला सांगितलं की 'आता काय नवीन शिकायचं, आता मुलांचं बघायचं'!

तर १९८५ साली 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट आला. झोपडपट्टीतल्या, परिस्थितीशी झगडत उभ्या राहणाऱ्या एका बाईची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी 'पाणी' आला, त्यालाही मिळाला. पहिल्यापासून त्यांच्याबरोबर एक तरुण होता, सुनील सुकथनकर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुकथनकर पुढे त्यांचे सहदिग्दर्शक झाले, चित्रपटांतली बरीचशी गाणीही त्यांनी लिहिली. वयात मोठं अंतर, नात्यागोत्याचे नाहीत, आणि तरी तीस-पस्तीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. श्रेयनामावलीत 'सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर' असं जोडूनच वाचायची आपल्याला सवय झाली. ज्यांनी कधी भागीदारीत धंदा केलाय त्यांना विचारा, तीस वर्षं म्हणजे काय.

१९९५मध्ये 'दोघी' आला, त्यांचा पहिला मोठा चित्रपट. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शननं तो काढला होता. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी, उत्तरा बावकर आणि सदाशिव अमरापूरकर. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरामुलगा जातो आणि थोरली बहीण गौरी अवदसा ठरते. गरिबीपायी तिला मुंबईला पाठवतात. तिथे तिला काय करावं लागतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तिनं पाठवलेल्या पैशावर घर चालतं, आणि ती परत आली की घरालाच ती नको असते. आपण तेव्हा दहावीत होतो. मी हा चित्रपट फार पुढे पाहिला. त्यातली आई, म्हणजे उत्तरा बावकर, मला खलनायिका वाटली नाही. तसं वाटलं असतं तर सोपं गेलं असतं.

पुढची यादी मी भराभर घेते, नाहीतर आपला पिक्चर सुरू व्हायला संध्याकाळ होईल. 'वास्तुपुरुष' २००२चा : कूळकायद्यानंतर उतरती कळा लागलेला वाडा आणि मुलानं डॉक्टर व्हावं म्हणून झुरणारी आई. तो मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. 'देवराई' २००४चा : स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ, म्हणजे अतुल कुलकर्णी, आणि त्याला सांभाळणारी बहीण. 'नितळ'मध्ये अंगावर कोड असलेली मुलगी. 'एक कप च्या'मध्ये कोकणातला एसटी कंडक्टर, ज्याला भलंमोठं विजेचं बिल येतं आणि तो माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करतो. 'संहिता' मात्र गाण्यासाठी पाहाच. आरती अंकलीकर-टिकेकरांना त्यातल्या गाण्यासाठी आणि शैलेंद्र बर्वेंना संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

सगळेच चित्रपट सारखे उतरलेत असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी त्यांच्यातली कार्यकर्ती लेखिकेच्या पुढे धावते, पात्रं एकमेकांशी बोलण्याऐवजी आपल्याला समजावून सांगायला लागतात. माझ्या मुलीच्या भाषेत, 'आई, हे जरा पाठ्यपुस्तक झालं.' खरं आहे. पण बाईंचे चित्रपट पुष्कळदा शाळांमध्ये, संस्थांमध्ये, रुग्णांच्या नातेवाइकांच्या बैठकीत दाखवले जायचे आणि नंतर दिवे लावून लोक बोलायचे. त्या बोलण्यासाठीच ते केलेले आहेत. घरी एकट्यानं मोबाइलवर पाहिले तर अर्धेच पोचतात, असा माझा अनुभव आहे.

'अस्तु'बद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत, चक्रपाणी शास्त्री. स्मृतिभ्रंश झालेला. मोटारीतून उतरून ते एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, हे तुम्हाला माहीतच आहे. जन्मभर ग्रंथ वाचलेल्या या माणसाला घरचे लोक प्रेमानंच पण हताश होऊन सांभाळत असतात. आणि माहुताची बायको, चन्नम्मा, तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही की त्या रोगाचं नाव ठाऊक नाही. ती त्यांना सरळ लेकरू समजून भरवते. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संवादांसाठी सुमित्रा भावेंना. माझ्या सासूबाईंचं शेवटची चार वर्षं असंच होतं. आम्ही दोघं शिकलेले, इंटरनेटवर सगळं वाचलेले. आणि त्या शांत व्हायच्या फक्त दिवसपाळीला येणाऱ्या मावशींकडे. मावशी त्यांना कधीच 'मी कोण, सांगा बघू' असं विचारायच्या नाहीत. आम्ही रोज विचारायचो. 'अस्तु' पाहिला त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं.

असा हा चित्रपट २०१३मध्ये तयार झाला आणि थिएटरमध्ये यायला २०१६ उजाडलं. त्यासाठीही लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. 'कासव'चं तेच. नैराश्यानं गिळलेला तरुण, त्याला काही न विचारता आसरा देणारी एक बाई आणि कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारी माणसं. २०१७ साली एप्रिलमध्ये त्याला सुवर्णकमळ जाहीर झालं, म्हणजे देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा मराठीतला पाचवा. आणि थिएटरात तो लागला ऑक्टोबरात. स्वतंत्रपणे सिनेमा करणं म्हणजे काय, ते या सहा महिन्यांत कळतं. त्यांच्यामागे कुठला मोठा स्टुडिओ नव्हता. कधी सरकारी महामंडळ, कधी एखादी संस्था, कधी 'कासव'सारखं स्वतःच आणि डॉ. आगाशे मिळून. पन्नासहून जास्त लघुपट त्यांनी केले, तेही अशाच जमवाजमवीतून.

शेवटचा 'दिठी'. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवरचा. पुरात मुलगा गेलेला, विठ्ठलावर रुसलेला रामजी लोहार, आणि पावसाळी रात्री अडलेली गाय. किशोर कदमांचं काम बघण्यासारखं आहे. १९ एप्रिल २०२१ला बाई पुण्यात गेल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, आपापल्या घरचीच काळजी इतकी होती की ती बातमी माझ्या मनात नीट शिरलीसुद्धा नाही. पुढच्याच महिन्यात 'दिठी' घरोघरी मोबाइलवर आणि टीव्हीवर आला. थिएटरात नाही.

आता 'दहावी फ'. २००२चा चित्रपट. गोष्ट सांगून रस घालवत नाही, एवढंच सांगते की एका शाळेत मार्कांप्रमाणे तुकड्या पाडलेल्या आहेत, अ हुशारांची आणि फ शेवटची. फ तुकडीतली मुलं चिडून प्रयोगशाळेची मोडतोड करतात. आणि देशमुख सर, म्हणजे पुन्हा अतुल कुलकर्णी, त्या मुलांना शिक्षा देऊन मोकळं होण्याऐवजी त्यांच्याशी बोलायला लागतात.

मी तो पुण्यात पाहिला, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिसातल्या चार मैत्रिणी होतो. मध्यंतरात त्या पॉपकॉर्न आणायला गेल्या आणि मी खुर्चीतून उठले नाही. का, ते सांगायचं म्हणून मी ही वीस मिनिटं मागून घेतली.

आपल्या शाळेत फ नव्हती, ड होती. आठवीत मार्कांवर तुकड्या पडल्या. मी अ मध्ये. आमच्या आळीतली एक मुलगी, पहिलीपासून माझ्याबरोबर शाळेत चालत येणारी, ती ड मध्ये. तिचं नाव मी घेत नाही, तिनंच नको म्हटलंय. आम्ही चालत बरोबर यायचो आणि फाटकातून आत आलं की वेगळ्या व्हायचो. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप.

नववीत, एका ऑफ तासाला, आम्ही अ तुकडीच्या दोघीजणी न विचारता प्रयोगशाळेत शिरलो. कांद्याच्या सालीची स्लाइड बघायची होती. सूक्ष्मदर्शक टेबलाच्या कडेला सरकवताना माझ्या हातातून निसटला. माझ्याच, दुसरीच्या नाही. तो खाली पडला, वरची नळी वाकली, भिंग फुटलं. आम्ही तो उचलून कपाटात ठेवला, कपाट लावलं आणि वर्गात जाऊन बसलो. पुढचा तास ड तुकडीच्या प्रयोगाचा होता.

पुढचं तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. कुणी कबूल करेना, कारण कबूल करण्यासारखं कुणी काही केलंच नव्हतं. मग अख्ख्या ड तुकडीला माणशी दहा रुपये आणायला सांगितले. वर्षभर त्यांना उपकरणांना हात लावू दिला नाही, प्रयोग लांबून बघायचे. मला कुणी विचारलंदेखील नाही. अ तुकडीला कोण विचारणार!

माझी ती मैत्रीण दोन दिवस शाळेत आली नाही. दहा रुपये नव्हते घरात. तिसऱ्या दिवशी आली, आणि वाटेत चालताना मला म्हणाली, "आमच्या वर्गातली पोरं आहेतच तसली. तुमच्यासारखी नाहीत." मी 'हं' म्हटलं. पुढे काही बोलले नाही.

पडद्यावर देशमुख सर फ तुकडीतल्या मुलांना विचारत होते आणि मला माझं ते 'हं' ऐकू येत होतं. फ तुकडीनं निदान खरंच मोडतोड केली होती.

एवढं कळूनही मी पुढची वीस-बावीस वर्षं गप्पच होते, तेही सांगते. या मेळाव्याचं ठरलं तेव्हा, तीन आठवड्यांपूर्वी, मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली, "दहा रुपये व्याजासकट दे." मग बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "मला नको सांगूस. समोर सांग, सगळे असतील तेव्हा. सर येणार आहेत ना?"

सर आले आहेत. सर, १९९४-९५चा तो सूक्ष्मदर्शक ड तुकडीनं फोडला नव्हता. तो मी फोडला. तुमच्यावर मी काही ढकलत नाही, तुम्हाला खोटं कळलं होतं आणि ते माझ्या गप्प बसण्यामुळे कळलं होतं. ड तुकडीतले जे आज इथे आहात, त्यांचीही मी माफी मागते. काही जण आले नाहीत. दोघं आता नाहीतही.

सध्याच्या मुख्याध्यापकांशी बोलून प्रयोगशाळेसाठी दोन सूक्ष्मदर्शक दिले आहेत. त्यावर माझं नाव घालू नका म्हटलंय. 'ड तुकडी, १९९६' एवढंच घालायला सांगितलंय, आणि त्यावरून समितीत वाद झाला, तो आपण नंतर घालू.

आता पिक्चर. मागच्या खिडक्यांचे पडदे कुणीतरी ओढून घ्या, ऊन थेट पडद्यावर येतंय. आणि एक सूचना : चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. अर्धा तास बोलायचं आहे, बाईंच्या चित्रपटांनंतर बोलतात तसं. बोलायला ड तुकडीनं सुरुवात करायची असं ठरलंय. चहा त्यानंतर आहे, आधी नाही, हे समितीनं मला मुद्दाम सांगायला लावलं आहे.